गाडी कोठे चालेल, हे आधी ठरवा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

बीड जिल्ह्यातील पाटोदा तालुक्यात, बालाघाटच्या पठारावरील एका लहान गावात मी राहतो. कृषी सहायक म्हणून नोकरी करून निवृत्त झालो आणि आता घरची कोरडवाहू शेती पाहतो. गेल्या तीन-चार वर्षांपासून आमच्या भागातील गायराने, वनजमिनी आणि टेकड्यांचे उतार यांवर शनिवार-रविवारी फोर बाय फोर गाड्या आणि डर्ट बाइक घेऊन हौसेने येणाऱ्यांची संख्या वाढत चालली आहे. ज्याला ते ऑफ-रोडिंग म्हणतात, त्या छंदाविषयी माझ्या मनात आकस नाही. परंतु सार्वजनिक जमिनीवर अशी वाहने कोठे चालावीत, वर्षाच्या कोणत्या महिन्यांत चालावीत आणि त्याची परवानगी कोणी द्यावी, हे आमच्याकडे आजवर कोणीही ठरवलेले नाही. ते ठरवले जावे, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

गेल्या आषाढात दोन दिवस चांगला पाऊस होऊन गेल्यावर मी सवयीप्रमाणे गावामागच्या टेकडीवर चर पाहायला गेलो. या टेकडीचा वरचा भाग वनखात्याचा आहे आणि खालचा गायरानात मोडतो. गावाने आधी श्रमदानातून आणि पुढे शासकीय योजनेतून तिच्यावर सलग समतल चर, म्हणजे पाणी अडवण्यासाठी उताराला आडवे, एकाच पातळीत खोदलेले लांब खंदक, काढलेले आहेत. हायड्रोमार्करच्या नळीतील पाण्याची पातळी जुळवून, फक्की टाकून रेषा आखायची आणि ऊन चढण्याच्या आत टिकाव-फावड्याने खोदाई करायची, असे ते काम दोन उन्हाळे चालले होते. पाठीला पोर बांधून घमेली उचलणाऱ्या बाया मी त्या कामावर पाहिलेल्या आहेत. त्या दिवशी टेकडीच्या पायथ्यापासून थेट माथ्याकडे गेलेल्या दोन खोल चाकोऱ्या मला दिसल्या. त्यांतून तांबूस गढूळ पाणी खळखळत खाली येत होते, आणि एका ठिकाणी मी काठी घालून पाहिली तेव्हा ती वीतभर खाली गेली. जेथे जेथे या चाकोऱ्या चराला छेदत होत्या, तेथे चराच्या खालच्या अंगाचा मातीचा भराव दबून सपाट झाला होता आणि चर चिखलाने भरला होता. मी मोजत वर गेलो. अकरा चर फुटले होते.

पाहणाऱ्याला वाटते की, दोन-तीन मीटर चर बुजला, तर तेवढ्याच लांबीचे नुकसान झाले. पण समतल चराचे गणित तसे नाही. साधारण ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल असा चर धरला, तर एका मीटर लांबीत १८० लिटर पाणी थांबते. म्हणजे शंभर मीटरचा चर एकदा भरला की अठरा हजार लिटर पाणी टेकडीच्या पोटात मुरायला मोकळे होते, आणि एका पावसाळ्यात असा चर कितीतरी वेळा भरतो. तो संपूर्ण लांबीत एकाच पातळीवर असतो, म्हणूनच तो पाणी धरतो, आणि नेमक्या त्याच कारणाने तो एका जागी फुटला की दोन्ही बाजूंचे पाणी त्या एका खिंडाराकडे धावते. ते पाणी एकवटून खालच्या चरावर आदळते, तोही फुटतो, आणि असे करत टेकडीवरचे सगळे पाणी एका ओघळीने पायथ्याला येते. वाहणारे पाणी आडवे अडवावे म्हणून आम्ही दोन उन्हाळे राबलो, आणि एका दुपारी चाकांनी त्याला पायथ्यापर्यंत उभी वाट करून दिली.

यात मातीचाही प्रश्न आहे. आमच्या माळावर मुरमावर वीत-दीड वीत माती असते, कोठे कोठे तेवढीही नसते. पवन्या, मारवेल, कुसळी यांसारख्या गवतांच्या मुळांनी ती धरून ठेवलेली असते. ओल्या उतारावर खाचांचे रुंद टायर जागच्या जागी फिरू लागले की गवत मुळासकट उपटले जाते, माती चेंदली जाते आणि खालचा मुरूम उघडा पडतो. उन्हाळ्यात त्याच वाटेने दहा-वीस गाड्या गेल्या की जमीन दबून अशी टणक होते की पुढच्या पावसाचे पाणी आत शिरतच नाही, वरच्या वर वाहून जाते. एका वर्षी दिसलेली चाकोरी दुसऱ्या वर्षी ओघळ होते आणि चौथ्या वर्षी तिची घळ झालेली असते. बांधबंदिस्तीच्या कामात उभी हयात घालवल्यामुळे हे मी अनेक गावांत डोळ्यांनी पाहिलेले आहे. पूर्वी हे बैलगाडीच्या वाटेने होई, पण बैलगाडी उताराला तिरपी आणि हळू चढते. दीड-दोन टनांची गाडी सरळ माथ्याकडे चढवण्यातच या खेळाची कसोटी मानली जाते.

मराठवाड्याबाहेरच्या वाचकांना कदाचित प्रश्न पडेल की, एका टेकडीवरच्या अकरा चरांसाठी एवढे मोठे पत्र कशाला? म्हणून थोडे सांगतो. मांजरा नदी याच पाटोदा तालुक्यात, बालाघाटच्या डोंगरात उगम पावते. पुढे केज तालुक्यात धनेगाव येथे तिच्यावर धरण आहे आणि लातूर शहर त्या धरणाच्या पाण्यावर अवलंबून आहे. २०१६ साली ते धरण कोरडे पडले, तेव्हा एप्रिल महिन्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी न्यावे लागले, हे साऱ्या देशाने पाहिले. आमच्याकडे वर्षाला साधारण साडेसहाशे ते सातशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला मोठा भाग थोड्याच दिवसांत कोसळून जातो. तो उतारावर थांबला तर विहिरींना पाझर फुटतो. थांबला नाही तर वरची माती घेऊन पाझर तलावात उतरतो, आणि तो गाळ काढण्यासाठी पुन्हा वेगळी योजना आणावी लागते. २०२५ च्या सप्टेंबरातील अतिवृष्टीने मराठवाड्यात शेतेच्या शेते खरडून नेली आणि शासनाला खरडलेल्या जमिनीसाठी वेगळी मदत जाहीर करावी लागली. अशा प्रदेशात उतारावरची वीतभर माती हीच मोठी पुंजी आहे.

त्या दिवशी माझ्यासोबत शेजारच्या वाडीवरचे एक वयस्कर मेंढपाळ होते. त्यांना सगळे आबा म्हणतात. फुटलेल्या सातव्या की आठव्या चरापाशी ते थांबले आणि म्हणाले, “भाऊसाहेब, माझी शेळी हितं दिसली तर पावती फाडतेत. ह्या गाडीची पावती कुणी फाडायची?” मला उत्तर देता आले नाही. वनीकरण आणि पाणलोटाच्या कामांसाठी आमच्या गावाने ठराव करून टेकडीवर कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी स्वीकारली आहे. ती स्वीकारताना ज्यांची रोजची उपजीविका त्या गवतावर होती, त्यांनी सर्वांत जास्त सोसले. कित्येकांनी शेळ्या कमी केल्या, काहींनी विकून टाकल्या. मी स्वतः त्या ग्रामसभेत उभे राहून त्यांना समजावले होते की, तीन वर्षे दम धरा, गवत वाढू द्या, कापून न्यायला मिळेल. त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. आज त्याच गवतावरून गाड्या फिरताना त्यांना दिसतात, तेव्हा त्यांच्यासमोर उभे राहताना मला मनापासून वाईट वाटते.

माळावरच्या पाखरांविषयीही लिहिले पाहिजे. टिटवी, चंडोल, धाविक, तित्तर, लावा हे पक्षी जमिनीवर, उघड्यावर किंवा गवताच्या आडोशाला अंडी घालतात. टिटवीने अंडी उंचवट्यावर घातली तर पाऊस मोठा आणि सखल जागी घातली तर कमी, असा आमच्याकडचा जुना होरा आहे. त्यामुळे पाळी घालताना टिटवीची अंडी दिसली की माझे वडील औत थांबवत, तेवढा तुकडा सोडून देत आणि पिले निघून गेल्यावर तो नांगरत. खड्यांच्या रंगाची ती ठिपकेदार अंडी औतामागे चालणाऱ्या माणसाला दिसतात. जोराने माळ चढणाऱ्या गाडीच्या चालकाला ती दिसणे शक्य नाही. हे पक्षी उन्हाळ्यापासून पावसाळ्याच्या मध्यापर्यंत अंड्यांवर बसलेले असतात आणि उतारावर चिखल खेळायला गाड्या येतात त्याही पावसाळ्यातच. कर्कश सायलेन्सरच्या आवाजाने काळविटांचे कळप बिथरून उभ्या पिकांत शिरतात, आणि त्याचा भुर्दंड शेवटी माळाला लागून शेत असलेल्या अल्पभूधारकाला बसतो. आमच्याच तालुक्यात नायगाव येथे १९९४ मध्ये घोषित झालेले, सुमारे ३० चौरस किलोमीटरचे मयूर अभयारण्य आहे. त्याच्या हद्दीत नियम तरी आहेत. हद्दीबाहेरच्या माळावरचा मोर मात्र कोणत्याच नियमाच्या आधाराला नाही, असे आम्हाला प्रत्यक्षात दिसते. फाल्गुन-चैत्रात वाळलेल्या गवतात तापलेला सायलेन्सर घेऊन गाडी उभी करणे म्हणजे वणव्याला आमंत्रण आहे. वनखात्याने वणवा अडवण्यासाठी काढलेल्या जाळरेषांचा उपयोग आता तयार ट्रॅक म्हणून होऊ लागला आहे, ही गोष्टही संबंधितांनी लक्षात घ्यावी.

चर फुटल्यानंतर आम्ही तक्रार केली. एका कार्यालयात सांगण्यात आले की, ही घटना गायरानात घडली आहे, त्यामुळे ती आमच्या अखत्यारीत येत नाही. दुसऱ्या ठिकाणी गट नंबर पाहून सांगण्यात आले की, वरचा भाग वनजमीन आहे, तेव्हा तिकडे जा. तिसऱ्या ठिकाणी वाहन क्रमांक विचारला गेला, आणि तो आमच्याकडे नव्हता, कारण टेकडीवर आलेल्या वाहनांतल्या दोन दुचाकींना क्रमांकाची पाटीच नव्हती. कोणीही उर्मटपणे वागले नाही, हे मला मुद्दाम नमूद केले पाहिजे. प्रत्येकाने आपापल्या कागदाप्रमाणे बरोबरच सांगितले असेल. परंतु सातबाऱ्यावर ज्या टेकडीचे दोन तुकडे आहेत, ती टेकडी चाकाला आणि पाण्याला एकच आहे, आणि तिच्यासाठी उत्तर देणारा एक माणूस मात्र कोठेही नाही.

कायद्यात काहीच नाही, असे मुळीच नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ३९ प्रमाणे नोंदणी नसलेले मोटार वाहन सार्वजनिक ठिकाणी किंवा अन्य कोणत्याही ठिकाणी चालवता येत नाही. याच कायद्यात सार्वजनिक ठिकाणाची व्याख्या रस्त्यापुरती मर्यादित नाही. जेथे जनतेला जाण्याचा हक्क आहे, ती जागाही तीत येते. कलम १८९ प्रमाणे राज्य शासनाच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक ठिकाणी वाहनांच्या शर्यती लावणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९९अ प्रमाणे अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालकास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. हे मी मुद्दाम लिहितो, कारण टेकडीवर मिसरूड न फुटलेली मुले डर्ट बाइक उडवताना आम्ही पाहिली आहेत. भारतीय वन अधिनियम, १९२७ मध्ये राखीव वनातील अतिक्रमी प्रवेशाविरुद्ध तरतूद आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ प्रमाणे अभयारण्यात परवानगीशिवाय प्रवेश करता येत नाही. गायरानांसारख्या गावाच्या सामायिक जमिनी गावाच्याच उपयोगासाठी राखल्या पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात बजावले आहे. मात्र या सगळ्या तरतुदी वेगवेगळ्या कारणांसाठी, वेगवेगळ्या काळी आणि वेगवेगळ्या खात्यांसाठी झालेल्या आहेत. त्यांतील एकही तरतूद हौसेच्या वाहनांसाठी टेकडीची कोणती बाजू खुली आणि कोणती बंद, हे सांगत नाही. जिल्हा प्रशासन भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली मनाई आदेश काढू शकते, पण असा आदेश शासनाने मुदत वाढवली नाही तर दोन महिन्यांत संपतो, आणि पावसाळा त्याहून मोठा असतो.

हा प्रश्न इतरत्रही आलेला आहे आणि त्यावर विचार झालेला आहे. अमेरिकेत ८ फेब्रुवारी १९७२ रोजी राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी सार्वजनिक जमिनींवरील ऑफ-रोड वाहनांविषयी एक कार्यकारी आदेश काढला. माती, पाणलोट आणि वनस्पती यांची हानी कमीत कमी व्हावी, वन्यप्राण्यांना उपद्रव होऊ नये आणि त्याच जमिनीचा अन्य उपयोग करणाऱ्यांशी संघर्ष टळावा, अशा रीतीने वाहनांसाठी जागा आणि वाटा ठरवाव्यात, असे त्यात संबंधित खात्यांना सांगितले होते. १९७७ मध्ये जिमी कार्टर यांनी त्यात भर घातली, आणि वाहनांमुळे मोठी हानी होत असल्याचे दिसताच ती जागा ताबडतोब बंद करण्याचा अधिकार खात्यांना मिळाला. तरीही अनेक राष्ट्रीय वनांत वाटा सोडून वाटेल तिकडे वाहने जातच राहिली. अखेर २००५ मध्ये तेथील वन सेवेने नियम केला की, नकाशावर जे रस्ते, वाटा आणि क्षेत्रे वाहनांसाठी दाखवली असतील तेथेच वाहन नेता येईल, आणि हा नकाशा जनतेला उपलब्ध करून दिला जाईल. तेथील जमिनी अफाट आहेत, तेथे गावागावांचे गायरान नाही, त्यामुळे त्यांचा नियम जसाच्या तसा उचलून आपल्याकडे चालणार नाही. पण त्यातला गाभा आपल्याला पुरेसा आहे. ‘बंद’ अशी पाटी जेथे नाही तेथे सर्व खुले, असे धरून चालले तर प्रत्येक टेकडीवर पाटी लावावी लागेल आणि ती रोज राखावी लागेल. त्याऐवजी जे खुले म्हणून जाहीर केले आहे तेवढेच खुले आणि बाकी सर्व बंद, असे धरले तर तक्रार करणाऱ्या गुराख्यालाही नियम कळतो आणि गाडी घेऊन येणाऱ्यालाही.

तेव्हा माझी मागणी अशी आहे की, प्रत्येक तालुक्यात तहसीलदारांच्या पुढाकाराने वनखाते, पोलीस, परिवहन आणि ग्रामपंचायती यांनी एकत्र बसून गट नंबरनिशी असा एक नकाशा तयार करावा, आणि तक्रार घेण्याची जबाबदारी कोणत्या तरी एका अधिकाऱ्यावर नावानिशी टाकावी. जमीन कोणत्या खात्याची आहे, हे शोधण्याचे काम त्या अधिकाऱ्याचे असावे. ते तक्रारदारावर टाकू नये. खुल्या जागांसाठी फार दूर पाहण्याची गरज नाही. आमच्या भागात जागोजागी खडी काढून सोडून दिलेल्या दगडखाणी आहेत, जेथे ना माती उरली आहे ना गवत. ज्या खाणींत पाणी साठत नाही आणि ज्यांच्याजवळ वस्ती नाही, अशा काही जागा सुरक्षिततेची तपासणी करून या खेळासाठी देता येतील. चढ-उतार, दगड-धोंडे आणि चिखल, या खेळाला जे हवे ते सर्व तेथे आहे. त्यासाठी शुल्क घ्यावे आणि ते ग्रामपंचायतीला मिळावे. मोठा मेळावा घेणाऱ्यांकडून आधी अनामत रक्कम घ्यावी आणि मेळाव्यानंतर जागेची पाहणी करूनच ती परत करावी. ज्या उतारांवर चर, दगडी बांध, गॅबियन (तारेच्या जाळीत दगड भरून केलेले) बंधारे किंवा रोपवन आहे, ते कायमचे वगळावेत, आणि जूनपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत कोणत्याही मातीच्या उतारावर हौसेचे वाहन चढू नये. शेतकऱ्याचा ट्रॅक्टर, रुग्णाला नेणारी जीप आणि वणवा विझवायला जाणारे वाहन यांना यातून स्पष्ट शब्दांत सूट द्यावी, नाहीतर नियमाचा पहिला फटका नेमका वस्तीवरच्या माणसाला बसेल.

नकाशा करताना ग्रामसभेला केवळ माहिती देऊन भागणार नाही. गावाची संयुक्त वनव्यवस्थापन समिती आणि जैवविविधता व्यवस्थापन समिती कागदावर पुष्कळ ठिकाणी आहेत. चर कोठे आहेत, पाणवठा कोणता, मेंढ्यांची वाट कोणती, मोर कोठे बसतात, हे त्यांना आणि गुराख्यांना विचारल्याशिवाय कोणतीही जागा खुली ठरवू नये. हे सर्व कार्यालयात बसून उपग्रहाच्या चित्रावरून ठरवता येईल, असे मला वाटत नाही. चित्रात आमची टेकडी उजाड दिसते. उन्हाळ्यात तर ती पडीक म्हणूनच दाखवली जाईल, आणि पडीक म्हटले की कोणत्याही उपयोगाला मोकळी, असा समज आपल्या व्यवस्थेत जुना आहे.

गाड्या घेऊन येणाऱ्या तरुणांशी मी बोललो आहे. चर फुटला त्यानंतरच्याच आठवड्यात पाच-सहा जण पायथ्याशी चहाला थांबले होते. त्यांना मी टेकडीवर नेले, चर दाखवला आणि त्याचे काम समजावून सांगितले. त्यांच्यापैकी एकाने प्रांजळपणे सांगितले की, काका, आम्हाला हा खड्डा वाटला होता. मला त्याच्या बोलण्यात खोट दिसली नाही. गवत वाढलेला चर गाडीतून खड्ड्यासारखाच दिसतो, आणि त्यांना थांबवणारी ना पाटी होती, ना नकाशा, ना माणूस. केरळमध्ये २०१८ च्या महापुरात अशाच गाड्या बाळगणाऱ्यांनी मदतकार्यात भाग घेतला होता, आणि आमच्या नद्यांना पूर येतो तेव्हा असे कौशल्य आम्हालाही हवे आहे. म्हणूनच सरसकट बंदी मी मागत नाही. बंदी घातली तर हा खेळ आणखी आतल्या, आणखी निर्मनुष्य टेकड्यांवर जाईल आणि तेथे पाहणारेही कोणी नसेल. मात्र समाजमाध्यमांवर रील टाकण्यासाठी क्रमांकाची पाटी काढून, सायलेन्सर बदलून येणाऱ्यांना वेगळे काढले पाहिजे. त्यांच्यावर आहे त्याच कायद्याने आजही कारवाई करता येते आणि ती व्हावी.

आमच्या गावाने फुटलेले अकरा चर येत्या एप्रिलमध्ये पुन्हा काढायचे ठरवले आहे. आबा आणि त्यांची दोन मुले कामाला येणार आहेत. मे महिन्याच्या ग्रामसभेपूर्वी तालुक्याचा नकाशा आणि जबाबदार अधिकाऱ्याचे नाव जाहीर झाले, तर ते आम्ही ग्रामपंचायतीच्या भिंतीवर आणि टेकडीच्या पायथ्याशी स्वखर्चाने रंगवून लावू. जिल्हा प्रशासनाने मृग नक्षत्राच्या आत ही बैठक बोलवावी, अशी आपल्या वृत्तपत्रामार्फत माझी कळकळीची विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त कृषी सहायक,
ता. पाटोदा, जि. बीड